वास आला नाही म्हणून

लोखंड आणि गंधक यांचं लग्न आपण स्वतःच्या हातानं लावलं आहे, असं धम्मदीपनं तुमसरच्या त्या कॉलेजात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सहा महिने खपून त्यानं काळीकुट्ट भुकटी तयार केली होती. तिचा लेप दिलेल्या पट्टीतून करंट कसा जातो याचे आलेखही झकास आले होते. उद्या नागपूरहून गाईड ते बघायला येणार होते आणि पीएच.डी. त्यावरच अडली होती.

शेवटची खात्री म्हणून त्यानं चिमूटभर भुकटीवर आम्लाचे थेंब टाकले. भुकटीत गंधक असला की सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस सुटतो. त्यानं जपून नाक पुढे केलं. वास नाही. आणखी थेंब टाकले, तरी नाही.

तो चटकन मागे सरला. हा गॅस फार झाला की आधी नाक मारतो आणि मग माणूस, हे त्यानंच पोरांना शिकवलं होतं.

"बेबीबाई, वास येऊन राहिला काय?" काचेची भांडी धुणाऱ्या बेबीबाईंना त्यानं विचारलं.

"नाही जी, सर."

म्हणजे बाईंचंही नाक गेलं! विभागप्रमुख रत्नमाला मॅडमनाही वास येत नव्हता, शेजारच्या वर्गात तर एकालाही येत नव्हता. जितके लोक नाही म्हणाले तितका धम्मदीपच्या डोक्यातला गॅस पसरत गेला.

"बाहेर निघा सगळे," तो ओरडला. "वास न येणं हेच लक्षण आहे!"

अख्खं कॉलेज मैदानात जमलं. धम्मदीपच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. त्यानं घरी फोन लावला. "आई, मले काही झालं तं रडू नको."

"काहून, आज पण जेवला नाही काय?" आई म्हणाली.

तेवढ्यात वारा फिरला आणि पलीकडच्या राइस मिलमधल्या उसन्या, म्हणजे उकडलेल्या, धानाचा आंबूस वास आला. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. धम्मदीपनंही लावला.

"सगळ्याइचे नाकं तं शाबूत आहेत," रत्नमाला मॅडम म्हणाल्या. "म्हणजे गॅस झालाच नाही."

धम्मदीपचा जीव भांड्यात पडला. तो चक्क हसला.

"पण मग गंधक कुठं गेला?" मॅडमनी विचारलं. "गंधकासाठी सल्फाइड कोणत्या बाटलीतलं घेतलं होतं?"

"खिडकीतल्या. तिचं झाकण फुटलं आहे."

"ते हवेनं केव्हाच खराब झालं असंन. म्हणजे सहा महिने तुम्ही लोखंडाच्या काळ्या गंजातून करंट पाठवून राहिले, धम्मदीप."

धम्मदीपचं हसू मावळलं. तो प्रयोगशाळेच्या दाराकडे बघत राहिला.

"मी एकदा आत जाऊन येतो, मॅडम," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "थोडा तरी गॅस असंन."