होल्डवरचे हवालदार

आमच्या गल्लीत शिट्टी वाजली की म्हाताऱ्या पळत सुटतात. कुणाच्या हाताला भांड्यांचा साबण, कुणाच्या हाताला पीठ. नवीन माणूस घाबरतो. मग आम्ही सांगतो, काही नाही, हवालदारांचा फोन लागला.

हवालदार म्हणजे आमचे शेजारी बापू निकम. सैन्यात टेलिफोन एक्स्चेंजवर होते. निवृत्त होऊन साताऱ्यात आले आणि त्यांनी एकच उद्योग धरला. निराधार पेन्शनच्या मदत क्रमांकावर गल्लीतल्या बायकांसाठी ताटकळायचं. हा क्रमांक काही फुकटचा नाही आणि तासभर धरून ठेवल्याशिवाय तिथे माणूस बोलत नाही.

"पेन्शन न्हाई म्हणून रिचार्ज न्हाई," बापू समजावतात. "रिचार्ज न्हाई म्हणून फोन न्हाई, आन् फोन न्हाई म्हणून पेन्शन न्हाई. वेढा पडलाय गड्या. रसद मी पुरवतो." रसद म्हणजे त्यांचे दोन मोबाइल.

होल्डवर असताना ते बसत नाहीत. फोन स्पीकरवर टाकून छातीपुढे धरतात आणि गच्चीत ताठ उभे राहतात. "ड्यूटीवर बसत्यात व्हय?" रेकॉर्डवरची बाई 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणाली की हे अदबीने "व्हय मॅडम" म्हणतात. ती धून सगळ्या गल्लीला पाठ झाली आहे. परवा एका घरी हळद दळायला बसलेल्या बायका ओवीच्या आधी तीच गुणगुणत होत्या.

पलीकडे माणूस आला की शिट्टी. कारण लाभार्थ्याने स्वतःच बोललं पाहिजे.

आता मला एक कबूल करायचं आहे. त्या क्रमांकावर जे तिघं बसतात, त्यातला एक मी. सगळी गल्ली दारात येईल म्हणून बापूंना मी 'ऑफिसात असतो' एवढंच सांगितलं होतं. दहा सेकंदांत लाभार्थी बोलला नाही तर फोन ठेवायचा, असा आमच्याकडे नियम. फोनमधून ती शिट्टी ऐकू आली की मी साहेबांच्या काचेच्या केबिनकडे बघायचो. मग मी मनात दहापर्यंत मोजायचो आणि फोन ठेवायचो. जरा भराभरच मोजायचो.

हौसाकाकूंचा फोन मी असा दोनदा ठेवला. लोकांची भांडी घासून घासून त्यांच्या बोटांचे ठसे गेले, आधारचं मशीन ओळखेना, आणि पेन्शन बंद पडली. दुकानदार उधार द्यायचा थांबला होता. त्यात त्यांचे गुडघे धरलेले. बापूंनी त्यांची रोज सकाळी घरापासून फोनपर्यंत पळायची तालीम सुरू केली.

"चाळीस सेकंद, काकू. काल बेचाळीस हुतं."

"आरं बापू, मला काय भरतीला धाडतूयास?"

गल्ली हसायची. मीही हसायचो, आणि मग घरात जाऊन बसायचो.

एका संध्याकाळी मी न राहवून विचारलं, "बापू, हे सगळं कशासाठी करता?"

त्यांनी मोबाइल धोतराच्या सोग्याला पुसला. "एक्स्चेंजवर हुतो तवा आईचा फोन आला, औंधाच्या बूथवरनं. त्याच वक्ताला मोठ्या साहेबांची लाइन लावायची हुती. म्हणलं, आई, होल्ड कर. तिला होल्ड म्हंजी काय ठावं? मी परत आलो तवर तिच्या जवळचं पैसं सरलं हुतं. मला पोरगी झाली, ते मला अकरा दिसांनी पत्रातनं कळलं."

"आई रागावली असेल."

"न्हाई वो. म्हणली, बूथवाला भला हुता, बसायला स्टूल दिलं."

एवढं बोलून ते फोन चार्जिंगला लावायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला माझ्या कानात आवाज आला, "हवालदार निकम. लाभार्थी हौसाबाई येत्यात." आणि शिट्टी.

मी मोजायला लागलो. दहा झाले. साहेबांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. वीस झाले. कानात चपलांचा फटफट आवाज, बांगड्या, कुणाचं तरी कुत्रं, आणि बापूंचं "दमानं काकू, दमानं." तीस. मी दुसऱ्या हाताने कपाळ पुसलं. मोजणं कधी थांबलं ते मला कळलं नाही.

"हालो," काकू म्हणाल्या, आणि पुढे नुसता श्वास.

"सावकाश, काकू. मी आहे इथे."

बोटांचे ठसे उमटत नसतील तर डोळ्यांवरून ओळख पटवता येते, त्यासाठी उद्या तहसीलला या, हे सांगायला मला एक मिनिट लागलं. त्या एका मिनिटासाठी काकू पाच महिने धावत होत्या.

संध्याकाळी बापू गच्चीच्या कठड्यावर वाकले. "भाऊसाहेब, काकू सकाळपासनं गल्लीभर सांगत फिरतीया. म्हणती, ऑफिसात एक देवमाणूस बसलाय."

मी मान खाली घातली. "बापू, तो माणूस..."

"आवाज म्या पैल्याच खेपंला वळखलाता. एक्स्चेंजचा माणूस हाय मी."

"मग बोलला का नाहीत?"

बापू खाली बघून हसले.

"थांबायची सवय हाय मला," ते म्हणाले.