उपड्या बादलीचा पुरावा

पुस्तकाची तपासायला आलेली पानं निवेदकाच्या पुढ्यात पडली होती आणि पहिल्याच पानाच्या समासात संपादिकेनं लाल शाईत विचारलं होतं, "बादली कुठाय?"

निवेदकानं चष्मा काढून डोळे चोळले. तीस वर्षं तो रेडिओवर सकाळी जुनी गाणी लावत होता आणि त्यांच्या जन्मकथा सांगत होता. महिनाअखेर निवृत्ती, त्याआधी त्या कथांचं पुस्तक. त्यातून बादलीची गोष्ट त्यानं मुद्दाम वगळली होती, कारण ती त्यानंच रचलेली होती.

बावीस वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात तबकडी अडकली. दोन मिनिटं भरून काढायची होती. मग तोंडाला येईल ते तो बोलत गेला: माइकच्या दांड्याचा स्क्रू गंजलेला, दांडा काही केल्या खाली येईना, म्हणून बुटक्या गायिकेनं उपड्या बादलीवर उभं राहून हे गाणं म्हटलं! तबकडी सुरू झाली, पण बादली काही थांबली नाही. वर्तमानपत्रांत आली, प्रश्नमंजूषेत आली, तिघांच्या पुस्तकांत जाऊन बसली.

"अहो, ती थाप आहे," त्यानं संपादिकेला फोनवर सांगितलं.

"तीन पुस्तकांत आहे!"

"तिघांनीही माझंच ऐकलंय."

"मग तुमच्याच पुस्तकात नको? मुखपृष्ठावर बादलीचं चित्र काढून झालंय हो!"

"कशाला गाडलेली मढी उकरताय?" बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

"जाताना पाटी कोरी करून जावं म्हणतो."

"बावीस वर्षं बरं सुचलं नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रेडिओवरच कबुली दिली. फोन खणखणू लागले.

"तुम्हाला काय ठाऊक? माझे मामा तिथे तबला वाजवत होते!"

"तुमचं वय झालंय, आराम करा आता."

एकानं तर ती बादली आपल्या आत्याकडे असल्याचं सांगितलं. सध्या तिच्यात गुलाब लावलाय म्हणे.

केंद्रप्रमुख धावत आले. "उद्या माफी मागा!"

"खोटं बोललो म्हणून?"

"नाही हो, खरं बोललात म्हणून!"

निवेदक आपल्या खोलीत येऊन खुर्चीत कोसळतोय तोच फोन वाजला. थकलेला, पण सुरात असलेला आवाज. "मी बोलतेय. बादलीवाली."

तो ताडकन उभा राहिला. "बाई, चुकलो. तुम्हाला न विचारता..."

"लोखंडी होती," बाई ठामपणे म्हणाल्या. "कडेला पोचा आलेला. डावा पाय सारखा घसरायचा."

"पण बाई, ती तर मी मनानं रचली होती."

पलीकडे सगळं गप्प झालं. तीस वर्षं शांतता पडली की ती भरणाऱ्या माणसानं ही मात्र भरली नाही.

"तुम्ही सांगायच्या आधी मला कोण ओळखत होतं?" बाई हळूच म्हणाल्या. "आता शेजारची पोरं येतात, आजी, बादलीची गोष्ट सांग म्हणतात. आजही येतील. काय सांगू त्यांना?"

दुसऱ्या दिवशी निवेदकानं रेडिओवर माफी मागितली. घरी आल्यावर पानं काढली आणि बादलीचा परिच्छेद लिहून संपादिकेला फोनवर वाचून दाखवला.

"छान! पण आधार काय देऊ?"

"लिहा, 'स्वतः गायिकेनं सांगितल्याप्रमाणे.'"

"बघा! मी म्हटलं नव्हतं, खरी असणार म्हणून?"

"हो," निवेदक थकून म्हणाला. "आणि तुमच्या चित्रकाराला सांगा, मुखपृष्ठावरच्या बादलीला कडेला एक पोचा दाखवा."