सोपानभाऊंचं कुलूप

आमचे शेजारी सोपानभाऊ अनोळखी माणसाला ईमेल धाडण्याआधी पायातल्या चपला काढून ठेवतात. मग खुर्चीत ताठ बसून म्हणतात, "दुसऱ्याच्या वसरीवर चाललोय, मास्तर. मधी बोलू नका."

खोडदला त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यात आधी जागा होणारा एक फुकटचा, सगळ्यांना खुला प्रोग्राम आहे. परदेशातले एक गृहस्थ तो हौसेनं सांभाळतात. भाऊंनी त्यात एक सुधारणा लिहिली होती. चालू होतानाच आतल्या प्रोग्रामची सही, म्हणजे तो अस्सल असल्याची खूण तपासायची, सही पटली नाही तर मशीन उघडायचंच नाही. त्यापायी वर्षभर दुकानाकडं धड पाहिलं नव्हतं. पण पाठवतील तर शपथ!

आधी त्यांनी नुसतं विचारलं, या विषयावर बोललं तर चालेल का. मग तिथल्या सगळ्या जुन्या चर्चा वाचल्या. मग त्या गृहस्थांच्या किरकोळ चुका निस्तरून दिल्या. "पाणी प्यायच्या आत कामाचं बोलतं का कुणी, राव?" भाऊ म्हणायचे. मी नुसता चरफडत होतो. एवढ्या वेळात माणूस सोयरीक जुळवून मोकळा होतो.

शेवटी एकदाचं पाठवलं, तर उत्तर येईना. भाऊंचं जेवणावरून मन उडालं. स्क्रू ड्रायव्हर हातात धरून पडद्याकडं बघत बसायचे. "लई बोललो का वो मी?"

"फार तर नाही म्हणतील. एवढं काय घाबरायचं?" एका दुपारी मी वैतागलो.

भाऊ खाली बघत म्हणाले, "गावात चोऱ्या व्हत व्हत्या, म्हणून मी घराचं कुलूप बदललं. धाकट्या भावाला इचारलं न्हाई. त्यो रानातनं आला, तर त्याची किल्ली लागंना. पायरीवर बसला, अन् तसाच डिंभ्याला सासुरवाडीला गेला. परत आलाच न्हाई. भल्यासाठीच केलं व्हतं, मास्तर."

तेवढ्यात उत्तर आलं. भाऊ पडद्याकडं बघेनात, म्हणून मीच मराठीतून सांगितलं, "आधी विचारलंत, बरं वाटलं म्हणतात. काम चांगलं आहे. पण जुनी मशीनवाली माणसं बाहेर राहतील. त्यांची आत यायची सोय करा, मग घेतो."

मी आनंदानं टाळीच वाजवली. भाऊ हसले नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून घराच्या कुलपाची दुसरी किल्ली काढली. कोरी, कधीच न वापरलेली.

"डिंभ्याकडं यष्टी हाय का वो आत्ता?" ते चपला पायात सरकवत म्हणाले.

"त्याला काय सांगणार?"

"आधी पाणी मागतो," भाऊ म्हणाले.