डॉक्टरांमुळे तेलगळती थांबली

"महिनाभरात चरित्र तुमच्या हातात देते, सर. आणि त्यात एकही खोटी ओळ नसेल!"

हे वाक्य मृदुला सोहनीने भर मीटिंगमध्ये मालकांसमोर उच्चारलं आणि लोक चहाचा कप तोंडाशी धरून थांबले. कारण मृदुला मुळात बोलतच नाही. चाकणच्या 'कणखर फोर्जिंग्ज'मध्ये हवेतली धूळ आणि यंत्रांचा आवाज मोजायचं तिचं काम. दशांश चिन्हापुढचा आकडासुद्धा वाया न घालवणारी बाई शब्द कशाला उधळेल?

चरित्र होतं डॉ. सदाशिव हेर्लेकरांचं. इतकी वर्षं कंपनीचे डॉक्टर, गेल्या दिवाळीत निवृत्त होऊन तळेगावच्या बंगल्यात स्थायिक. निवृत्त माणूस गुलाब लावतो, नातवंडं खेळवतो. हेर्लेकरांनी दोन्ही करून पाहिलं, आणि मग आपलं चरित्र अजून कसं निघालं नाही, या काळजीने थेट मालकांना फोन लावला!

मृदुलाने हे लोढणं गळ्यात घेतलं ते एका पानासाठी. हॅमर शॉपमध्ये घण तापल्या लोखंडावर पडतो तेव्हा बरगड्या वाजतात. तिथला आवाज तिने वर्षानुवर्षं मोजला होता, कुणाचे कान कधी गेले ते टिपलं होतं, आणि ते आजवर कुणीही वाचलं नव्हतं. हेर्लेकर म्हणाले होते, "तू पुस्तक कर गं. एक पान तुझ्या मोजणीला. तुझ्या नावानं!"

तिने साधं आवाहन लिहिलं: डॉक्टरांबरोबर प्रत्यक्ष काम केलेल्यांनीच लिहावं. काय घडलं, कधी घडलं, कुणी पाहिलं. आणि तो कागद तिने एचआरच्या निमिषकडे दिला. इथेच घात झाला.

"मॅडम, असं मागून कोण देतं?" निमिष म्हणाला. "सिस्टीममध्ये टाकू!"

सिस्टीम म्हणजे कायझेन. दर महिन्याला प्रत्येक विभागाने एकेक छोटी सुधारणा सुचवायचीच. सुचवली तर गेटवरच्या बोर्डवर विभाग हिरवा, नाही तर लाल. लाल विभागाच्या सुपरवायझरला सकाळच्या मीटिंगमध्ये उभं करून सोलतात. निमिषने सुधारणेच्या जागी 'डॉक्टरांची आठवण' घातली आणि टार्गेट लावलं.

आठवडाभरात आठवणींचं पोतं भरलं! पोतंच, कारण खोक्यात मावेनात.

पेंट शॉपने जुनीच सुधारणा काढून वर डॉक्टरांचं नाव घातलं होतं: "डॉक्टरसाहेबांमुळे तेलगळती थांबली. मशीनजवळची स्वच्छता वाढली." स्टोअरवाल्यांनी मोजकं लिहिलं: "आधी: डॉक्टर नव्हते. नंतर: डॉक्टर आले. फायदा: डॉक्टर." सोबत दोन फोटो. पहिल्यात दवाखान्यातली रिकामी खुर्ची. दुसऱ्यात त्याच खुर्चीत शिपाई किसन, कारण डॉक्टर आता कुठून आणायचे?

टूलरूमच्या अजिमने लिहिलं होतं, "डॉक्टरसाहेबांनी मला शून्यातून उभं केलं." मृदुलाने त्याला गाठलं.

"अजिम, तू कामाला कधी लागलास?"

"मार्चमध्ये, मॅडम."

"डॉक्टर दिवाळीतच गेले. तू त्यांना पाहिलंस कुठे?"

"फोटो पाहिलाय ना! सेक्शन रेड होता, मॅडम. सुपरवायझर म्हणाले, 'शून्यातून' लिही, सगळ्यांचं चालतंय."

अशा माणसांचं काय करावं? आख्ख्या कारखान्यात शून्यातून उभं न राहिलेला माणूस उरला नव्हता! शेवटी ती हॅमर शॉपच्या कोंडीरामकडे गेली. महाळुंग्याचा जुना गडी, दोन्ही कान घणाला वाहिलेला. तिने ओरडून विचारलं, "कोंडीरामभाऊ, डॉक्टरांची खरी आठवण आहे का?"

"व्हय, हाय की! कान दुखतोय म्हणलं, त्यांनी जुलाबाची गोळी दिली."

"मग?"

"मग काय! कान दुखायचा न्हाई थांबला, पर जाग्यावर बसून त्याचं ऐकाया सवड कुटं व्हती? लिवू का?"

"लिहा!" मृदुलाला भरून आलं. पोत्यातला पहिला खरा दाणा!

रविवारी ती पोतं घेऊन तळेगावला गेली. डॉक्टरांनी चष्मा पुसत एकेक आठवण वाचली.

"अजिम! नुसता हाडांचा सापळा होता गं आला तेव्हा."

"सर, तो आला तेव्हा तुम्ही इथे गुलाबांना खत घालत होता."

"आठवतोय मला! आणि ही तेलगळती... हो, सुचवलं असेल मी काहीतरी. हा कोंडीराम मात्र खवचट. काढून टाक."

ती घरी पोचतेय तोच निमिषचा फोन. "मॅडम, लोचा झालाय! बोर्डवर एकच डिपार्टमेंट रेड राहिलंय. तुमचं!"

तिच्या विभागात ती एकटीच होती.

"मी संपादक आहे, निमिष."

"असाल हो! पण रेडवाल्यांचं काहीच पुस्तकात जाणार नाही. प्लांट हेडची ऑर्डर आहे. तुमचं ते डेसिबलचं पानसुद्धा."

मृदुलाने खरं तेच लिहून निमिषला आणि डॉक्टरांना पाठवलं: "आवाजाचा अहवाल मी डॉ. हेर्लेकरांना दरवर्षी दिला. त्यांनी तो दरवर्षी कपाटात ठेवला. कपाट नीटनेटकं असे."

डॉक्टरांचा लगेच फोन. "फार कोरडं आहे गं. रडू येत नाही."

"कुणाला, सर?"

"मला!"

मृदुलाने नवा कोरा कागद पुढे ओढला. एका खऱ्या पानासाठी एक खोटं पान. हिशेब वाईट होता, पण पान तिचं होतं. तिने दात आवळून लिहून टाकलं: आपल्या दिघीच्या घरी आई तापाने फणफणलेली, आणि डॉक्टर भर उन्हात चाकणहून स्वतः स्कूटर चालवत औषध घेऊन दारात! आई जन्मभर सांगलीबाहेर राहिली नव्हती, आणि ड्रायव्हरने दार उघडल्याखेरीज डॉक्टर कंपनीच्या गाडीतून उतरत नसत. पण विभाग हिरवा झाला.

प्रकाशन निगडीच्या सभागृहात. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर डॉक्टर क्षितिजाकडे बघताना. मृदुलाने पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं. आवाजाचं पान नाही!

"निमिष, माझं पान?"

"अहो, तुमची आठवणच पानभर झाली! बेस्ट आठवण, पहिलं बक्षीस! एका डिपार्टमेंटला एकच पान, म्हणून ते डेसिबलवालं काढलं. ते वाचून रडलं कोण असतं, मॅडम?"

ती काहीतरी बोलणारच होती, फार नेमकं आणि फार जिव्हारी लागणारं, पण तेवढ्यात मंचावरून हुंदका ऐकू आला. डॉक्टर तिची आठवण वाचत होते आणि डोळे पुसत होते.

"मला तो दिवस लख्ख आठवतोय!" माइक गहिवरला. "मृदुला, अगं, स्कूटर वाटेत बंद पडली होती ना?"

सगळं सभागृह वळून तिच्याकडे बघू लागलं. मृदुला सोहनी उठून उभी राहिली. घसा साफ केला.

"हो सर. दोनदा. एकदा मोशीला आणि एकदा भोसरीच्या पुलाखाली."