शुद्ध हवेची पूर्वसूचना

हवा ही फारच मोकळी वस्तू असल्यामुळे तिच्यावर कोणाचं तरी लक्ष असणं राष्ट्रहिताचं आहे. म्हणूनच सरकारच्या वातावरण कक्षाने रोह्याजवळच्या आमच्या गावावर विमान पाठवलं. त्याच्या पोटात अवरक्त वर्णपटमापक होता. बहुतेक वायू डोळ्यांना न दिसणारे आपापले ठरावीक किरण गिळतात. कोणते किरण गायब झाले त्यावरून हे यंत्र वायूचं नाव सांगतं. (माणसांसाठी असं यंत्र काढण्याची घाई कोणत्याही समितीला नाही.)

विमान मागवलं शकूने, अर्ज करकरून. वारा गावाकडे फिरला की शेजारच्या कंपनीचा धूर घरात शिरे आणि तिचे सासरे दाजी बसल्या बसल्या कासावीस होत. त्यांचा श्वास नेमका कशाने कोंडतो, एवढंच तिला कोणीतरी सांगायला हवं होतं.

पाहुण्याने न कळवता येऊ नये, ही आपली रीत. कक्षाने आठ दिवस आधी सर्वांना कळवलं. कंपनीने लगेच 'देखभालीसाठी' भट्ट्या बंद केल्या. सरपंच फारुखभाईंनीही गावाची अब्रू राखली. चुली बंद, पालापाचोळा जाळणं बंद. "वरून गाव बरा दिसला पायजे," ते म्हणाले. दाजींनी कोरा सदरा घातला.

निष्कर्ष: हवा शंभर टक्के हवा आढळली. अमोनिया फक्त सरपंचांच्या गोठ्यावर सापडला. त्यांना सक्त ताकीद मिळाली. दाजींची धाप खाजगी ठरली.

सभेत शकू उभी राहिली. "सायब, इमान आला त्या राती आमचे मामंजी झोपले. मोजू नका तुमी, नुसता फिरवत जा. रोज नाय जमणार?"

कक्षाचे साहेब हसले. विमान हवा मोजण्यासाठी असतं, सुधारण्यासाठी नाही, हे त्यांनी तिला प्रेमाने समजावलं.

कंपनीने तुंबलेलं उत्पादन दुप्पट जोमाने काढलं. पेणच्या एका डॉक्टरांनी अहवाल वाचलेला असल्यामुळे दाजींना बिडी सोडायला सांगितली. दाजींनी जन्मात बिडी ओढली नव्हती. त्याच आठवड्यात ते गेले. मला याचा संताप येतो, पण अहवालात संतापाला रकाना नाही.

त्या अहवालावर आता आमच्याकडे 'प्रमाणित शुद्ध हवेतली' सुट्टीची दुसरी घरं विकतात. शकू जागा विकून माहेरी, खांब गावी गेली. तिच्या अंगणातला प्लॉट, वाचकहो, आपणच घेतलात. शनिवार-रविवार मुलांना छाती भरून श्वास घेता यावा, म्हणून खिडक्या मोठ्या मागितल्यात. बिल्डरने त्या कंपनीच्या बाजूला काढून दिल्या आहेत. वारा तिकडूनच येतो.