भागलो म्हणू नये

आमच्या शेजारच्या धोंडूतात्यांसमोर ‘भागलो’ म्हणायची सोय नव्हती. थकलो म्हणा, दमलो म्हणा, मेलो म्हणा, चालेल. ‘भागलो’ कानावर पडलं की तात्या माणसाचा दंड धरून त्याला थेट अंगणात नेऊन उभं करीत. माझे मेहुणे कोंडाण्याहून उन्हातून चालत आले, तात्यांच्या ओटीवर टेकले आणि “भागलो बुवा” म्हणाले. पाण्याचा तांब्या तोंडाला लागायच्या आत स्वारी पुन्हा उन्हात. आमच्या दहिवली गावात तऱ्हेवाईक माणसं मी पुष्कळ पाहिली, पण पाहुण्याला पाणी पिऊ न देणारा हा एकच.

एरवी माणूस गोड. तरुणपणी उत्तरेकडे एका डोंगरावर तांब्याच्या खाणीत होते. रेल्वे संपली की पुढे बारा दिवस पायी. “पाणी हिरवं, दगड हिरवा, आंग पुसलं तर पंचा हिरवा. नि थंडी अशी, का शिवी दिली तरी तोंडातनं धूर.” तिथली भाषा अंगवळणी पडल्यावर त्यांनी थोरल्या भावाला, महादूला, बोलावून घेतलं. तो तिथेच तापाने झोपेत गेला, असं तात्या सांगत. खाण पुढे बंद पडली. महादूची बायको सगुणावहिनी तात्यांच्याच घरी राहत.

एकदा माझ्या म्हाताऱ्या आईच्या तोंडून तो शब्द गेला. तात्यांनी तिलाही ओढलं. बिचारी पायरीवर पडली, गुडघा फुटला. माझं डोकंच फिरलं.

“म्हाताऱ्या बाईला ओढता, लाज नाही वाटत? आज कारण सांगा, नाहीतर या ओटीला माझा पाय लागणार नाही.”

तात्या खांबाला धरून खाली बसले.

“खाणीत वरनं माती सुटली. मुकादम वरडला, भागो, भागो. म्हंजे पळा. समदे पळाले. महादूला ती भाषा येत नव्हती. त्याला वाटलं, भागलास काय, म्हणून इचारतोय. हसला नि म्हणाला, ‘नाय, मी नाय भागलो.’”

“आणि तुम्ही?”

“मला कळत व्हतं ना. मी पयला पळालो. मागनं त्याचं हसणं ऐकलं. पन वळलो नाय.”

माझाच राग मला नकोसा झाला. आईच्या गुडघ्यासाठी हळदीची वाटी घेऊन वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“हसत व्हते?” त्यांनी विचारलं.

तात्यांनी मान डोलावली.

“मी रोज म्हणायची, परमुलखात कण्हत गेले असतील, पानी द्यायला कोन नसंल. येवढी वरसं हे माझ्यापासनं का लपवून ठेवलंत, भावजी?”

वहिनींनी आईच्या गुडघ्यावर हळद दाबली, हात पुसले आणि तात्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

“कसे हसले, तेवढं दाखवा.”

तात्यांनी दोनदा तोंड उघडलं. पण त्यांना हसता येईना.