लार्कमेडची उंच मुलगी

खेळाडू हेरण्याच्या कामात माझा हात धरणारं माणूस अख्ख्या नेब्रास्कात नाही! हे मी म्हणत नाही. म्हणजे, मीच म्हणते. पण इतक्या वेळा म्हटलंय की आता ते लोकमत झाल्यासारखं वाटतं. मुलगी बुटाची नाडी कशी बांधते यावरून मी सांगते, ही शेवटच्या मिनिटाला चेंडू मागेल की पाणी मागेल.

आमचं कॉलेज लहान, आणि मुलींचा बास्केटबॉल संघ त्याहून लहान दिसायचा, कारण आमच्या दोन्ही उंच मुली पदव्या घेऊन निघून गेल्या होत्या. उरलेल्या मैदानात उतरल्या की समोरच्या संघाला वाटायचं, यांच्या मोठ्या बहिणी मागून येत असतील! सव्वीसपैकी एकोणीस सामने हरलो. तेव्हा मुख्य कोच रोबर्टा झडीना बाईंनी मला खोलीत बोलावलं. बाईंचा आवाज असा की शिट्टी विसरल्या तरी सामना थांबतो.

"कोरिन, एक शिष्यवृत्ती उरलीय. एकच! हवेत तरंगणारी सहायक माझ्याकडे आहेच, आता हवेत हात पोचणारी खेळाडू आण. ही जागा वाया गेली, तर पुढच्या वर्षी तुझीही जागा रिकामी समज."

हवेत तरंगणारी म्हणजे मी. माझा स्वभावच जरा तसा आहे. सामना बघता बघता माझी तंद्री लागते, आणि मग समोर जे चाललंय त्यापेक्षा जे चालायला हवं तेच मला जास्त स्पष्ट दिसतं.

डिसेंबरात पश्चिमेकडे शाळांची स्पर्धा होती. सहा तास गाडी हाणून पोचले. भर दुपार, हॉलच्या उंच खिडक्यांतून बर्फाचा पांढरा उजेड मैदानाच्या लाकडी फळ्यांवर उतरलेला, पॉपकॉर्नचा वास, आणि त्या उजेडात निळ्या जर्सीतली बत्तीस नंबरची एक मुलगी. लार्कमेड गावच्या शाळेची. काय सांगू तुम्हाला! ती उडी मारायची आणि खाली यायचं विसरायची. चेंडू तिच्या बोटांवरून असा सुटायचा, जसा झोपलेल्या बाळाच्या मुठीतून खुळखुळा सुटावा. मी बघत राहिले. मग मला आमच्या हॉलच्या छतावर विजेतेपदाचा झेंडा दिसला. खाली बँड वाजत होता. झडीना बाई रडत होत्या, आणि मी त्यांना रुमाल देत होते.

शिट्टी वाजली तेव्हा अर्धा सामना संपला होता आणि माझ्या नाचोजवरचं चीज मांडीवरच्या खेळाडूंच्या छापील यादीवर सांडलं होतं. बरोबर उंचीच्या रकान्यावर. पण बत्तीसपुढचं नाव नीट वाचता येत होतं: टिली क्राउस.

बाहेर वादळाची लक्षणं दिसत होती, म्हणून कुणाशी न बोलता निघाले. घाई कशाला? माझं खरं हत्यार वेगळंच होतं. बाकीच्या कॉलेजांचे कोच मुलींना फोनवर निरोप पाठवतात, एकच मजकूर शंभर जणींना. मी पत्र लिहिते. शाईनं. पानं भरून!

"प्रिय टिली," मी पहिल्याच पत्रात लिहिलं, "तू मैदानात आलीस की छप्पर थोडं वर उचलावंसं वाटतं. दारातून जाताना तुला वाकावं लागत असेल, पण मनानं कधी वाकू नकोस."

आठ दिवसांत उत्तर आलं. गोल, नेटकं अक्षर. पत्राबद्दल मनापासून आभार, आणि शेवटी, "कोच, खरं सांगते, मी फारशी खेळत नाही."

मी विरघळलेच! इतकं खेळून म्हणते खेळत नाही! लगेच उलट टपाली लिहिलं, "नम्रता हा मोठ्या खेळाडूचा दागिना असतो."

दुसऱ्या उत्तरात तिनं लिहिलं, "कोच, मी बहुतेक वेळ बाकावर असते." मला हसू आलं. एवढ्या मोठ्या फरकानं जिंकणारा संघ आपल्या हुकमी मुलीला विश्रांती देणारच की! तरी खबरदारी म्हणून त्यांच्या शाळेच्या कोचना, डॉयल साहेबांना, फोन केला.

"टिली क्राउस कशी आहे हो?"

"टिली? सोनं आहे पोरगी! एक दिवस सराव चुकवलेला नाही. तिच्याशिवाय आमच्या संघाचं पान हलत नाही."

"आणि नेम?"

"नेम..." पलीकडे साहेब खोकले. "हल्ली रोज पहाटे येऊन सराव करते. तुमची पत्रं यायला लागल्यापासून."

बघा! याला म्हणतात पत्राची ताकद! मी अशी अकरा पत्रं लिहिली.

मार्चमध्ये मी आणि झडीना बाई शिष्यवृत्तीचे कागद घेऊन निघालो. वाटेत प्लॅट नदीवर क्रौंच पक्षी उतरले होते, हजारोंनी. उथळ पाण्यात, वाळूच्या बेटांवर, कापलेल्या मक्याच्या शेतांत नुसते करडे पक्षी, आणि वर आकाशात त्यांच्या लांबच लांब माळा. त्यांचा आवाज काच बंद असतानाही गाडीत येत होता. उंच पाय, उंच मान, रुंद पंख. मला प्रत्येकाच्या अंगावर निळी जर्सी दिसायला लागली.

"कोरिन, रस्ता!" बाई ओरडल्या. मी गाडी रस्त्यावर परत आणली.

लार्कमेडच्या वेशीवर कापडी फलक होता: "टिली, आम्हाला तुझा अभिमान आहे!" क्राउसांच्या अंगणात वीसेक गाड्या उभ्या. माझी मान अशी ताठ झाली की मीच दोन इंच वाढले असेन. दार वाजवलं. माझ्या खांद्याखाली डोकं येईल एवढ्या, गोल चेहऱ्याच्या एका मुलीनं दार उघडलं.

"टिली आहे का गं घरात?" मी लाडानं विचारलं.

"मीच टिली."

मी हसले. ती हसली नाही. तेवढ्यात बाईंना त्या मुलीच्या डोक्यावरून आत, दालचिनीच्या रोलांचं ताट घेऊन उभी असलेली, दिव्याला केस लागतील अशी एक मुलगी दिसली. "टिली!" म्हणत बाई दारातल्या मुलीला वळसा घालून सरळ आत गेल्या आणि तिचा हात असा हलवला की चार रोल गालिच्यावर पडले.

"अहो, मी मॅरेन," ती मुलगी म्हणाली. "मॅरेन बिडस्ट्रप. टिली मागे राहिली तुमच्या."

ही तीच! ही निळी बत्तीस!

"पण... बत्तीस नंबर..." मी पुटपुटले.

"निळ्या जर्सीत बत्तीस माझा," मॅरेन म्हणाली. "पांढऱ्या जर्सी जुन्या आहेत शाळेच्या. त्यात बत्तीस टिलीचा. यादीत निळ्या-पांढऱ्या नंबरांचे दोन रकाने असतात ना!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गालिच्यावरच्या रोलकडे पाहिलं.

"आणि तू कुठल्या कॉलेजात जाणार, मॅरेन?" बाईंनी इतक्या गोड आवाजात विचारलं की मला घाम फुटला.

मॅरेननं नाव सांगितलं. आमच्यापासून चाळीस मैलांवरचं, दर वर्षी आम्हाला धुऊन काढणारं कॉलेज! "परवाच सही केली. खरं तर मी तुमची वाट बघत होते हो. टिलीची पत्रं आम्ही सगळ्या बसमध्ये मोठ्यानं वाचायचो. इतकी सुंदर पत्रं! मला एकही आलं नाही. म्हटलं, यांना उंच मुली नको असतील."

मी चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्शाचा, वाडगा घेतला आणि त्यात तोंड घातलं.

बैठकीच्या खोलीत गाव जमलं होतं. टिलीचे वडील, वेंडेल क्राउस, इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. भिंतीवर माझं पहिलं पत्र चौकटीत लावलं होतं! ते उतरवून त्यांनी घसा खाकरला. "मंडळी, मी काही बोलणारा माणूस नव्हे. कोचबाईंनीच काय लिहिलंय ते वाचतो. 'तू मैदानात आलीस की छप्पर थोडं वर उचलावंसं वाटतं...'"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टिलीच्या आईनं डोळे पुसले. झडीना बाईंनी चमचा खाली ठेवला. बाई जेवताना चमचा खाली ठेवतात तेव्हा कुणाची तरी नोकरी जाते.

मी मागच्या दारानं बाहेर पळाले.

मागे गोठ्याच्या भिंतीला जुनी बास्केट ठोकलेली होती. उतरतं ऊन, पिवळं गवत, आणि त्या बास्केटखालची जमीन पावलांनी झिजून कढईसारखी खोलगट झालेली. तिथे उभी राहून मी स्वतःला मनसोक्त शिव्या देत होते, तेवढ्यात टिली आली.

"कोच, चिली तिखट लागली का?"

"टिली," मी म्हणाले, "मला तुला काही सांगायचंय."

"माहितीय. ती पत्रं मॅरेनसाठी होती."

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच पत्रात. दारातून जाताना वाकावं लागत असेल म्हणालात ना? अहो, मला वरच्या फळीवरची साखर काढायला खुर्ची लागते! मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. तुम्ही म्हणालात, नम्रता."

"मग तिसऱ्यांदा स्पष्ट का नाही सांगितलंस गं?"

तिनं गवताची एक काडी उपटली. "तोवर बाबांनी चौकट करून आणली होती. आणि कोच, चार वर्षं मी त्या बाकावर बसलेय. मला कुणी म्हटलं नाही की आम्ही तुला बघतोय. पत्र दुसरीचं आहे हे माहीत होतं, पण पाकिटावर नाव माझं असायचं. म्हणून पहाटे उठून सराव करायला लागले. म्हटलं, यातलं निदान एक वाक्य तरी खरं करू."

"दाखव," मी म्हणाले.

तिनं वीस चेंडू टाकले. दोन गेले. एक गोठ्याच्या खिडकीतून आत गेला, आणि आतून गाय ओरडली.

"वाईट आहे," मागून आवाज आला. झडीना बाई! किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "पोरी, बाकावर बसून करतेस काय तू?"

"बघते," टिली म्हणाली. "तुमचेही सगळे सामने कॉम्प्युटरवर बघितले. या वर्षीचे. कोचनी एवढं लिहिलं, तर आपणही काही..."

"मग काय दिसलं?"

"सांगू? रागावणार नाही? तुमची अकरा नंबरची मुलगी डावीकडे पास द्यायच्या आधी ओठ चावते. हे सगळ्या संघांना कळलंय. आणि तुम्ही मागे असलात की कायम सहाव्या मिनिटाला विश्रांती मागता. समोरचे आधीच पाणी पिऊन तयार असतात."

बाईंचा चेहरा लाल झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाई एका पालथ्या बादलीवर बसल्या होत्या. "आणखी?" त्या म्हणाल्या.

आणखी बरंच होतं! ऊन गोठ्यावरून खाली सरकलं, डोक्यावरून क्रौंचांची एक माळ नदीकडे गेली, आणि टिली काडीनं मातीत रेघा ओढत बोलत राहिली. बाईंनी एकदाही तिचं बोलणं तोडलं नाही. वीस वर्षांत मला इतकं बोलू दिलेलं नाही!

मग बाई उठल्या, कपडे झटकले आणि बैठकीच्या खोलीत जाऊन सामना थांबवणाऱ्या त्या खास आवाजात म्हणाल्या, "आम्ही टिली क्राउसला न्यायला आलो होतो. तिलाच नेणार! कागद कुठायत, कोरिन?"

वेंडेलरावांनी पत्राची चौकट छातीशी धरली आणि ढसाढसा रडले. मॅरेननं टिलीला उचलून गोल फिरवलं.

परतीच्या वाटेवर शंभर मैल मी फक्त रस्ता बघत गाडी चालवली. मग बाई म्हणाल्या, "तिला घेतलं ते तिच्यासाठी. तुझं अजून ठरायचंय."

ते पुढच्या हंगामातही ठरत नव्हतं. आमच्या मुली तेवढ्याच बुटक्या राहिल्या, पण अकरा नंबरनं ओठ चावणं सोडलं आणि बाई विश्रांती कधी मागतील हे देवालाही कळेना. टिली बाईंच्या शेजारी बसायची आणि कानात कुजबुजायची. आम्ही चौदा सामने जिंकलो!

शेवटचा सामना मॅरेनच्या कॉलेजशी, त्यांच्या हॉलमध्ये. लार्कमेडहून बस भरून लोक आलेले. मॅरेननं एकटीनं एकतीस गुण केले. शेवटचे नऊ सेकंद, आम्ही एका गुणानं पुढे, चेंडू त्यांचा. आमच्या तीन मुली फाउलांमुळे बाहेर. बाईंनी बाकावर नजर फिरवली.

"टिली, ऊठ!"

"मी?"

"तू सोडून उरलंय कोण?"

चेंडू मॅरेनकडे आला. ती वळायच्या आधी डावा खांदा किंचित खाली घेते, हे जगात एकाच मुलीला ठाऊक होतं. दोघी पाच वर्षांच्या असल्यापासून गोठ्यामागे खेळलेल्या. खांदा खाली आला. टिली दोन पावलं सरकली, पाय रोवले, डोळे घट्ट मिटले आणि उभी राहिली. मॅरेन वाऱ्यासारखी आली आणि धाडकन तिच्यावर आदळली!

शिट्टी! पाय रोवून उभ्या असलेल्या मुलीला धडक, म्हणजे फाउल मॅरेनचा आणि चेंडू आमचा. फळ्यांवर आडव्या पडलेल्या टिलीला मॅरेननंच हात देऊन उठवलं. "डोळे का मिटलेस गं, वेडे?" "तू दिसलीस म्हणून!" दोघी हसत होत्या. आम्ही जिंकलो होतो!

आणि त्या क्षणी मला पुन्हा ते सगळं दिसायला लागलं: झेंडा, बँड, वरून भुरभुरणारा सोनेरी उजेड, आणि रडणाऱ्या झडीना बाई. या वेळी खरोखरच्या! मी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडले, खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदके देत म्हणाले, "बाई, बाई, केलं आपण!" माझ्या पाठीवर हलकेच हात फिरला. मी आणखी रडले.

बराच वेळ गेल्यावर कानाशी एक परका आवाज आला, "हे बघा, तुमचा संघ त्या बाजूला आहे. आम्ही हरलोय."

मी मान वर केली. त्यांच्या कोच होत्या. अर्थात, पाठीमागून दोघींचे केस अगदी सारखे दिसतात!